नव्या प्रजातीच्या बातमीत राहून जाते ते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवी प्रजाती सापडल्याच्या बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात आणि त्यांत क्रेफिश (लहान शेवंडासारखा दिसणारा प्राणी), कोळंबी, खेकडे यांसारख्या गोड्या पाण्यातील कवचधारी प्राण्यांनाही जागा मिळते, याचे समाधान आहे. मात्र प्राण्याचा रंग, त्याला दिलेले नाव आणि तो हाती लागल्याचा प्रसंग एवढ्यावरच या बातम्या बहुधा संपतात. तो नवा कशावरून ठरला, हे वाचकाला कळतच नाही.

वस्तुतः खरे काम प्राणी हाती लागल्यावर सुरू होते. उत्तर अमेरिकेतील बहुसंख्य क्रेफिशची ओळख नराच्या पोटाखालील पायांच्या पहिल्या जोडीवरून पटवतात. प्रजननाच्या काळात सूक्ष्मदर्शकाखाली या पायांची टोके कठीण, पिवळसर आणि अणकुचीदार दिसतात आणि त्यांची लांबी, संख्या व वळण प्रजातीगणिक वेगळे असते. हंगाम सरला की तोच नर कात टाकतो, टोके बोथट होतात आणि ओळखीची खूण पुसट होते. त्यामुळे अवेळी गोळा केलेला नमुना संग्रहालयाच्या बरणीत वर्षानुवर्षे अनोळखीच राहू शकतो.

रंगावर तर मुळीच विसंबता येत नाही, कारण मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्याचा रंग उडून जातो. शिवाय बाजारात ओळखीचा असलेला प्राणीही शास्त्राला अनोळखी असू शकतो. पश्चिम पापुआतील (इंडोनेशिया) ‘चेरॅक्स पल्चर’ हा देखणा क्रेफिश शोभेचा प्राणी म्हणून अनेक वर्षे विकला जात होता. त्याचे शास्त्रीय वर्णन झाले ते २०१५ मध्ये. त्याहून विलक्षण उदाहरण संगमरवरी क्रेफिशचे आहे. १९९० च्या दशकात जर्मनीतील मत्स्यपालकांच्या टाक्यांत आढळलेल्या या प्राण्यात नरच नसतात. मादी नराविना अंडी देते आणि त्यांतून मादीच जन्मते. जिथे नराच्या अवयवावरून ओळख पटवायची तिथे नरच नाही म्हटल्यावर जनुकीय पुरावा आणि प्रजननाचा अभ्यास यांचाच आधार घ्यावा लागला, आणि २०१७ मध्ये ती स्वतंत्र प्रजाती मानली गेली. युरोपीय महासंघाने मात्र आदल्याच वर्षी तिचा समावेश घातक परकीय प्रजातींच्या यादीत केला होता, तोही दुसऱ्या प्रजातीचा एक प्रकार म्हणून!

जनुकीय तपासणीचे महत्त्व लहान प्राण्यांत अधिकच जाणवते. ‘हायालेला अझ्टेका’ हा जेमतेम काही मिलिमीटरचा प्राणी पाण्यातील विषारीपणा तपासण्यासाठी प्रयोगशाळांत सर्रास वापरतात. पण या एका नावाखाली दिसायला सारख्या अशा अनेक प्रजाती दडलेल्या आहेत, असे आढळून आले. मग वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहायचे तरी कसे? अर्थात जनुकीय चाचणीने डोळ्यांचे काम संपत नाही. मिलिमीटरहूनही लहान असलेल्या कोपेपॉड या कवचधारी प्राण्याचा पाचवा पाय ग्लिसरीनच्या थेंबात सुईने सोडवून त्यावरील काटे मोजणारा अभ्यासक आजही लागतोच.

लहान प्राणीच नजरेतून सुटतात, असेही नाही. केसाळ स्पर्शिकांचा, चांगला मोठा ‘बार्बिकॅम्बारस सिमन्सी’ हा क्रेफिश अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या ओढ्यातून २०११ मध्ये जगापुढे आला, आणि तेही क्रेफिशचा अभ्यास पूर्वीपासून होत आलेल्या प्रदेशात.

म्हणून विनंती अशी की, नव्या प्रजातीच्या बातमीत किमान तीन गोष्टी असाव्यात: जवळच्या प्रजातींहून ती कोणत्या लक्षणाने वेगळी आहे, किती नमुने तपासले गेले आणि ज्या नमुन्यावर हे नाव आधारलेले आहे तो कोणत्या संग्रहालयात जतन केला आहे. एक गोष्ट मात्र कटाक्षाने वगळावी. प्राणी रंगीत आणि विक्रीयोग्य असेल, तर तो नेमक्या कोणत्या ओढ्यात सापडतो हे छापू नये. बातमीमागोमाग तिथे विक्रीसाठी प्राणी पकडणारे पोहोचण्याचा धोका असतो.

आपला,
एक वाचक