सीसीएनएची पुस्तकं घेण्याआधी विषययादी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निकाल लागले की तुमच्या करिअर पुरवणीत नेटवर्किंगवर एखादा तरी लेख येतोच, डिप्लोमा झाला, बीएस्सी आयटी झालं, आता सीसीएनए, म्हणजे सिस्को या नेटवर्किंग कंपनीची सर्टिफिकेटची परीक्षा, करा म्हणजे नोकरी पक्की, आणि त्याच पानावर खाली क्लासची जाहिरात. लेख चांगल्या मनाने लिहिलेला असतो, त्याबद्दल तक्रार नाही, पण अभ्यास कशातून करायचा यावर त्यात फार तर एक ओळ, की बाजारात पुस्तकं आणि व्हिडिओ भरपूर आहेत. अहो, भरपूर आहेत हाच तर घोळ आहे. मी पुण्यात याच लाइनमध्ये आहे, फ्रेशर पोरांचे इंटरव्ह्यू घेणाऱ्या पॅनेलवर बसतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितोय, जागा असेल तर छापा.

सगळ्यात आधी एक कागद, जो फुकट आहे आणि कोणीच बघत नाही. सिस्कोच्या साइटवर परीक्षेची विषययादी असते, एक्झाम टॉपिक्स नावाची, मोजून काही पानांची पीडीएफ. परीक्षेचा कोड २००-३०१. त्यात लिहिलंय की राउटिंगला, म्हणजे डेटा एका नेटवर्कमधून दुसऱ्यात नेण्याला, २५ टक्के वजन, नेटवर्कच्या मूलभूत गोष्टींना २०, स्विचिंग-व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्क)-वायरलेसला २०, सिक्युरिटीला १५, आणि डीएचसीपी-नॅट (आयपी पत्ते वाटणं, बदलणं) वगैरे सर्व्हिसेसना १०, ऑटोमेशनला १०. पण टक्क्यांपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक मुद्द्याच्या सुरुवातीचं क्रियापद. ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलपुढे 'कॉन्फिगर अँड व्हेरिफाय' असं आहे, म्हणजे ते हाताने करता आलं पाहिजे. एचएसआरपीसारख्या, एक राउटर पडला की दुसऱ्याने काम उचलायच्या प्रोटोकॉलपुढे नुसतं 'डिस्क्राइब' आहे, म्हणजे ते कशासाठी असतं एवढं कळलं तरी पुरे, आणि आमची पोरं एचएसआरपीच्या कमांड पाठ करण्यात आठवडा घालवतात आणि नॅट राहूनच जातं. बीजीपी हा इंटरनेटवरच्या मोठ्या नेटवर्कना जोडणारा प्रोटोकॉल तर यादीतच नाही, तरी क्लासमध्ये शिकवतात, कारण बीजीपी म्हणलं की कोर्स भारी वाटतो.

हा कागद हातात घेऊन मग पुस्तकाच्या दुकानात जायचं. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात सीसीएनएची जाडजूड पुस्तकं स्वस्तात मिळतात, मुलं खूश होऊन घेऊन येतात, उघडून बघावं तर फ्रेम रिले, आरआयपी, ईआयजीआरपी, असे आता यादीत नसलेले विषय, सगळं तब्येतीत दिलेलं. फ्रेम रिले तर २०१६च्या बदलातच गेलं. २४ फेब्रुवारी २०२०ला सिस्कोने जुने वेगवेगळे सीसीएनए, म्हणजे राउटिंग-स्विचिंगचं वेगळं, सिक्युरिटीचं वेगळं, वायरलेसचं वेगळं, असं सगळं बंद करून एकच सीसीएनए केलं, त्यात ईआयजीआरपी नाही आणि आरआयपी पण नाही, उलट वायरलेस कंट्रोलर, रेस्ट एपीआय, जेसन असलं ऑटोमेशनचं नवीन आलं. तेव्हा पुस्तकाच्या कव्हरवर १००-१०५, २००-१०५ किंवा २००-१२५ असा जुन्या परीक्षेचा कोड दिसला तर ठेवून द्यायचं परत, कितीही स्वस्त असू दे. सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे छोटे तुकडे पाडणं, काही बदललं नाही हे खरं, ते जुन्या पुस्तकातूनही शिकता येतं, पण नवखा माणूस काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवणार कसं?

आणि यातला जास्त फसवा भाग पुढेच आहे. २० ऑगस्ट २०२४पासून या परीक्षेची १.१ आवृत्ती लागू झाली पण कोड तोच राहिला, २००-३०१. पपेट आणि शेफ ही ऑटोमेशनची साधनं गेली, अॅन्सिबलच्या जोडीला टेराफॉर्म आलं, एआय आणि मशीन लर्निंगचा एक मुद्दा आला. बदल फार मोठा नाहीये, पण दुकानदार आणि क्लासवाले दोघंही 'कोड तोच आहे की' म्हणून जुनाच माल देतात. सिस्को प्रेसचं जे दोन खंडांचं ऑफिशियल गाइड आहे त्याचीही दुसरी आवृत्ती २०२४ला आली, सेकंडहँड घेताना दोन्ही खंड एकाच आवृत्तीचे आहेत ना एवढं तरी बघा, पहिला एकीकडचा आणि दुसरा दुसरीकडचा असं करून नका घेऊ. आणि असे बदल पुढेही होत राहणार, त्यामुळे माझ्या पत्रावरसुद्धा विसंबू नका, फी भरायच्या दिवशी साइट उघडून यादी परत बघा.

आता किती साहित्य घ्यायचं. माझं मत स्पष्ट आहे, पुस्तक एक, व्हिडिओ मालिका एक, लॅब एक, सराव परीक्षा एक, बस. टेलिग्रामवर कोणीतरी भलं मोठं फोल्डर पाठवतं, त्यात चार लेखकांची पुस्तकं, सहा जणांचे व्हिडिओ, आणि पोरगा तीन महिने फक्त ओएसआयचे सात लेयर वेगवेगळ्या माणसांकडून ऐकत बसतो कारण प्रत्येक मालिका तिथूनच सुरू होते. यूट्यूबवर २००-३०१चे पूर्ण कोर्स फुकट आहेत, इंग्रजीत आहेत, हिंदीतही आहेत, मराठीत मात्र मला धड शेवटपर्यंत नेणारं कमीच दिसलं. एक निवडा, पहिल्याच व्हिडिओत तो माणूस विषययादी उघडून दाखवतो का ते बघा, नाहीतर दुसरा बघा, आणि एकदा निवडला की मग शेवटपर्यंत सोडू नका. ज्यांना थिअरीच कच्ची वाटते त्यांनी एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कॉम्प्युटर नेटवर्कचे तास फुकट आहेत ते ऐकावेत, पण ते या परीक्षेसाठी बनवलेले नाहीत, तिथे कमांड नाही शिकवत, हे डोक्यात ठेवून.

लॅबबद्दल मात्र जरा जास्त लिहितो कारण खरी गंमत तिथे आहे. पॅकेट ट्रेसर हे सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीचं, स्क्रीनवरच नेटवर्क जोडून बघायचं सॉफ्टवेअर, नाव नोंदवलं की फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवरही चालतं. हे खरं आयओएस, म्हणजे सिस्कोच्या राउटर-स्विचमधलं सॉफ्टवेअर, नाही, नक्कल आहे, काही कमांड त्यात नाहीतच, पण सीसीएनएला ते पुरतं, उगाच लॅमिंग्टन रोडवरून जुना २९६० स्विच आणून घरात त्याच्या पंख्याची घरघर आणि आईची कटकट ऐकायची गरज नाही. जीएनएस३ हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर चांगलं आहे पण त्याला राउटरच्या इमेज, म्हणजे खऱ्या आयओएसच्या फाइल, लागतात, त्या नीट मार्गाने मिळवणं नवख्याला जमत नाही, तेव्हा ते पुढच्या परीक्षेसाठी ठेवा. आणि लॅब म्हणजे व्हिडिओतल्यासारखंच टाइप करून पिंग (समोरच्या मशीनपर्यंत पोचतंय का ते बघायची कमांड) गेला की टाळ्या, असं नव्हे. दोन व्हीलॅन करा, दोन स्विचमध्ये ट्रंक, म्हणजे दोन्ही व्हीलॅन नेणारी जोडणी, टाका, सगळं चाललं की त्यातला एक व्हीलॅन ट्रंकवरून मुद्दाम काढून टाका, आणि मग 'शो इंटरफेसेस ट्रंक'मध्ये काय बदललं ते बघा. पीसीचा डिफॉल्ट गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता, चुकीचा टाका, बघा शेजारच्या पीसीला पिंग जातो आणि बाहेर जात नाही. का? हे ज्याला सांगता येतं त्याला आम्ही घेतो, खरं सांगतो, बाकी सगळं शिकवता येतं.

सबनेटिंगला पुस्तक लागतच नाही, वही लागते. १९२.१६८.१०.७७ असा आयपी पत्ता आणि मागे /२७ दिसलं की ३२ पत्त्यांचा ब्लॉक, म्हणजे नेटवर्क ६४वर सुरू, ब्रॉडकास्ट ९५, मधले ६५ ते ९४ वापरायचे, हे कागद न घेता अर्ध्या मिनिटात आलं पाहिजे. परीक्षेत १२० मिनिटं असतात आणि पुढे गेलेल्या प्रश्नावर परत मागे येता येत नाही, शिवाय लॅबचे प्रश्नही असतात, त्यामुळे सबनेटिंगवर घासत बसलं की पुढचं सगळंच घसरतं.

इथेच मराठी माध्यमातल्या मुलांसाठी एक सांगतो. परीक्षा मराठीत नाही, हिंदीतही नाही. समजून घ्यायला हिंदी व्हिडिओ खुशाल बघा, त्यात कमीपणा काही नाही, पण सराव प्रश्न पहिल्या महिन्यापासून इंग्रजीतच सोडवा. मुलाला विषय येत असतो, प्रश्नातलं 'विच टू' किंवा 'एक्सेप्ट' वाचायचं राहतं.

सराव प्रश्नांवरून डम्प आलेच. दहावीला अपेक्षित प्रश्नसंच घोकायची आपल्याला सवय, त्यामुळे परीक्षेतून चोरलेले प्रश्न हजार-दोन हजाराला विकणारा माणूस पोरांना देव वाटतो. पण हे सिस्कोच्या करारात सरळ सरळ बसत नाही, सापडलं तर सर्टिफिकेट रद्द होतं, परीक्षेला बंदी येते. आणि त्यातली उत्तरं बऱ्याचदा चूक असतात हो! चांगली सराव परीक्षा ओळखायची एकच खूण, बरोबर उत्तर का बरोबर आहे याच्यासोबत बाकीचे तीन का चूक आहेत हेही ती सांगते, बोसनसारख्या ठिकाणी हे मिळतं, डम्पमध्ये नुसतं 'बी' लिहिलेलं असतं. डम्पवर पास झालेले आमच्याकडे येतात, सीव्हीवर सीसीएनए असतं, आम्ही राउटिंग टेबलचा फोटो समोर ठेवतो आणि विचारतो, बाबा या ओ पुढच्या कंसात ११०/२ लिहिलंय ते काय, आणि शांतता. ११० म्हणजे ओएसपीएफची अॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (त्या प्रोटोकॉलवर किती भरवसा ठेवायचा) आणि २ म्हणजे मेट्रिक (त्या मार्गाची किंमत), एवढंच तर आहे, दोन दिवस लॅबमध्ये बसला असता तरी डोळ्याखालून शंभरदा गेलं असतं.

आता क्लास. क्लास लावू नये असं मी म्हणत नाही, ज्याला घरी लाइट, लॅपटॉप, शांतता नाही त्याला क्लासच बरा. पण कितीतरी आईवडलांना हे माहीतच नसतं की क्लासने शेवटी दिलेला तो फ्रेमवाला कागद म्हणजे सीसीएनए नव्हे. सीसीएनए म्हणजे पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीकडे दिलेली परीक्षा, तिची फी ३०० डॉलर आणि वर कर, म्हणजे आपल्याकडे तीसेक हजार रुपये, आणि नापास झालं तर पाच दिवस थांबून परत पूर्ण फी. पास झाल्यावर ते तीन वर्षं टिकतं. सिस्कोच्या अकॅडमीचे तीन कोर्स पूर्ण केल्याचा बॅज हाही वेगळाच, तो चांगला आहे, त्यातून परीक्षेवर सवलतीचं व्हाउचर मिळू शकतं, पण तोसुद्धा सीसीएनए नाही. काही क्लासच्या जाहिरातीत 'सर्टिफिकेशनसह' असं मोठ्या अक्षरात असतं, कुठलं सर्टिफिकेशन ते नसतं, आणि बाप गावाकडे सोसायटीचं कर्ज काढून फी भरतो.

कोणी विचारेल की सीसीएनएच का, कॉम्पटिया या संस्थेचं नेटवर्क प्लस का नाही. ते कुठल्याच एका कंपनीला बांधलेलं नाही, एन१०-००९ ही त्याची २०२४ला आलेली परीक्षा, ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न. परदेशात जायचं असेल, किंवा हेल्पडेस्कवरून सुरुवात करायची असेल तर वाईट नाही. पण हिंजवडी, मगरपट्टा, ऐरोलीच्या ज्या जाहिराती माझ्यासमोरून जातात त्यात नाव सीसीएनएचंच जास्त असतं, म्हणून मी तेच सांगतो. आणि ज्याला सीसीएनएचीही भीती वाटते त्याच्यासाठी सिस्कोचंच सीसीएसटी नेटवर्किंग हे पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट आहे, कोड १००-१५०, ते बरंच सोपं आहे.

तर संपादक साहेब, मागणी छोटी आहे. नेटवर्किंग क्लासची जाहिरात घेताना तुमच्या जाहिरात विभागाने तीन गोष्टी छापायला सांगाव्यात, परीक्षेचा कोड आणि आवृत्ती, परीक्षेची फी कोर्सच्या फीमध्ये धरली आहे की नाही, आणि मिळणारं सर्टिफिकेट नक्की कोणाचं. आणि पुरवणीत पुढचा लेख येईल तेव्हा त्या लेखकांना सांगा की 'भरपूर पुस्तकं उपलब्ध आहेत'च्या जागी विषययादी सिस्कोच्या साइटवर कुठे सापडते तेवढं लिहा.

आपला,
नेटवर्कच्या लाइनमधला एक वाचक, चिंचवड