प्युरिटन लेखक वाचताना: चि. रूथला पत्र

चि. रूथ,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

जॉन ओवेन हा प्युरिटन, म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडातलं चर्च वचनाप्रमाणे शुद्ध करू पाहणाऱ्यांपैकी एक लेखक. त्याचं पापाविषयीचं पुस्तक वाचताना मन खचतं, म्हणून ते अर्ध्यावर ठेवलंस, असं कळवलंस. टाकून देऊ नकोस, पण आधी रिचर्ड सिब्स हा दुसरा प्युरिटन वाच. 1630 साली छापलेलं त्याचं ‘द ब्रूझ्ड रीड’ यशया 42:3 मधल्या चेपलेल्या बोरूवर आणि मिणमिणत्या वातीवर आहे. पापाच्या जाणिवेने मोडलेल्या माणसाला ख्रिस्त किती हळुवारपणे सांभाळतो, हे मनात मुरलं की ओवेनची परखड तपासणी पेलवते.

प्युरिटनांची बरीच पुस्तकं मुळात उपदेश आहेत. बांधणी ठरलेली: वचन, त्यातून निघणारी शिकवण, तिची कारणं आणि शेवटी ‘उपयोग’, म्हणजे ती जगण्यात कशी लावायची ते. मुद्द्यात पोटमुद्दे, त्यांत पुन्हा आकडे. धागा तिथेच सुटतो. म्हणून शेजारी कागद ठेव आणि प्रत्येक मुद्द्याचा आकडा व दोन-तीन शब्द उतरव. दिवसाला चार-पाच पानं पुरेत, तीही बायबलवाचन झाल्यावर. अडलेलं वाक्य मोठ्याने वाच. ऐकणाऱ्यांसाठी रचलेली भाषा कानाला लवकर उलगडते. वचनांचे नुसते संदर्भ दिलेले असतात, ते उघडून बघच. नाहीतर लेखकाचं मत तेवढं हाती लागतं, आधार तपासायचा राहून जातो.

आता ओवेन. त्याचं ‘मॉर्टिफिकेशन ऑफ सिन’ (पापाला मारणं) 1656 चं, रोम 8:13 वरचं, प्रकरणं 14. नवव्यापासून तेराव्यापर्यंत तो पापाची लक्षणं, दोष, धोका दाखवतो आणि देवाने शांती देण्याआधी स्वतःच स्वतःला शांती देऊ नकोस, असं बजावतो. तू इथेच कुठेतरी थांबली असशील. चौदाव्याच्या सुरुवातीला तो स्वतः सांगतो की आतापर्यंतचं सगळं पूर्वतयारीचं होतं. पाप मारायचं तर विश्वासाने ख्रिस्ताकडे वळायचं, त्याच्याकडून मदतीची अपेक्षा धरायची, आणि हे काम पवित्र आत्माच करतो. तेराव्यावर पुस्तक मिटलं तर निदान कळतं, औषध मिळत नाही. या पुस्तकांतून निव्वळ अपराधीपणा घेऊन उठणारे बहुधा असेच मध्ये उठलेले असतात.

या माणसांना देव्हाऱ्यात बसवू नकोस. 1662 मध्ये इंग्लंडात सुमारे 2000 प्युरिटन पाळकांनी विवेकापायी आपली पदं गमावली, हे खरं. पण प्युरिटनांच्याच हाती असलेल्या अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये 1659 ते 1661 दरम्यान चार क्वेकरांना, म्हणजे दुसऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांना, फाशी दिलं, हेही तितकंच खरं. त्यांची कठोर वाक्यंही वचनापुढे धरून पारखायची.

इंग्रजीचा कंटाळा आला तर जॉन बनियन हा प्युरिटन लेखक घे. त्याचं 1678 चं ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ हरी केशवजींनी 1841 मध्येच मराठीत आणलं.

सिब्स संपला की कळव. ओवेनचं चौदावं प्रकरण आपण फोनवर मिळून वाचू.

तुझे पप्पा