डिकीतला खर्ज माजघरात

पुणे

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. जुनी गाडी भंगारात देण्याआधी तू डिकीतली सबवूफरची (फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरची) पेटी आणि सीटखालचा ॲम्प्लिफायर काढून ठेवलास हे उत्तम केलेस. भंगारवाला गाडीचा भाव लोखंडाच्या वजनावर ठरवतो, आणि अशा वस्तू दुसऱ्याच दिवशी त्याच्या दुकानात वेगळ्या विकायला मांडलेल्या दिसतात. आता हे सामान चिपळूणच्या घरी टीव्हीला जोडायचे आणि खर्च होता होईल तो आवरायचा, असे तू लिहितोस. माझ्याकडे असाच संच बैठकीच्या खोलीत वाजतो आहे. त्यातला बारा इंची स्पीकर जुन्या बाजारातून आणलेला आहे आणि ॲम्प्लिफायर आतेभावाच्या गाडीतला आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पहिल्या दिवशी तुझा विरस होणार नाही. गाडीत छाती हादरवणारी तीच पेटी घरात आणून ठेवलीस, तर ती निम्मीच वाजते आहे असे वाटेल, आणि त्यात स्पीकरचा दोष नसेल. गाडीची आतली लांबी जेमतेम अडीच-तीन मीटर असते. साधारण साठ हर्ट्झच्या खाली ध्वनीची अर्धी लहरही त्या जागेत मावत नाही, त्यामुळे स्पीकरचा पडदा पुढे सरकला की सगळ्या केबिनमधला दाब एकदमच वाढतो आणि खर्ज आयताच चढतो. हिशेबाने ही वाढ प्रत्येक सप्तकाला बारा डेसिबलपर्यंत जाते. बंद पेटीतल्या स्पीकरचा आवाज खाली उतरताना जवळपास त्याच मापाने घटत असतो, म्हणून गाडीत दोन्हींची फिटंफाट होते. घरात ही मदत फारच थोडी मिळते. त्यातून तुझे घर कौलारू, भिंती आणि छपर यांच्यामध्ये मोकळी फट असलेले, म्हणजे दाब साठायला जागाच नाही. डिकीसाठी बनवलेल्या पेट्या बहुधा चाळीस-पन्नास हर्ट्झच्या आसपास दणका उठेल अशा बेताने केलेल्या असतात. घरी त्या एकाच सुरावर घुमत राहतात आणि त्याखाली काहीच ऐकू येत नाही. तेव्हा ती गालिचा चिकटवलेली पेटी मोडीत काढ, एवढेच माझे स्पष्ट मत आहे.

स्पीकर मात्र नीट पारखून घे. पेटीतून काढून उताणा ठेव, दोन्ही हातांची बोटे कोनवर (शंकूसारख्या पडद्यावर) समोरासमोर टेकव आणि तो हलकेच सरळ खाली दाब. आत कॉइल (तारेची गुंडाळी) घासल्याची खरखर आली किंवा जळकट वास आला, तर पुढे खर्च करू नकोस. कोनभोवतीचे लवचीक कडे रबराचे असेल तर चांगलेच. फोमचे असेल तर नखाने टोकून पाहा, कोकणच्या दमट हवेत ते भुसभुशीत होते. मग मल्टिमीटर लाव. चार ओहमची कॉइल मीटरवर सव्वातीन ते पावणेचारच्या दरम्यान आकडा दाखवते. माझ्या स्पीकरने ३.४ दाखवला होता. शेवटी घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकव. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लागताच ‘टक्’ असा आवाज होऊन कोन बाहेर उचलला गेला पाहिजे. टोकांवरच्या खुणा पुसल्या गेल्या असतील, तर त्या ठरवण्याचीही हीच रीत आहे.

मागे चार टोके दिसली तर स्पीकर दुहेरी कॉइलचा आहे असे समज. तुझा ॲम्प्लिफायर दोन चॅनेलचा असेल, तर तो ब्रिज करून (दोन्ही चॅनेल एकत्र जोडून) वापरताना त्याला सहसा चार ओहमपेक्षा कमी भार चालत नाही. चार-चार ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर भार दोन ओहमचा होईल आणि ॲम्प्लिफायर तापून बंद पडेल. त्या एकापुढे एक जोडून आठ ओहम करणे बरे. आवाज किंचित कमी मिळेल, पण यंत्र थंड राहील.

आता पेटी. बंद डब्यातली हवाच स्प्रिंगचे काम करील ही कल्पना एडगर विल्चर यांनी १९५४ साली स्पीकरमध्ये उतरवली. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात जे गणित मांडले, त्याच्यावर आज जगभर पेट्या बनतात. तुझ्या स्पीकरचा मॉडेल क्रमांक चुंबकाच्या पाठीवर असेल. त्यावरून क्यूटीएस (स्पीकर किती घुमतो त्याचे माप), व्हास (त्याच्या लवचीकपणाइतक्या हवेचे आकारमान) आणि एफएस (त्याची स्वतःची कंपनसंख्या) हे तीन आकडे शोधून काढ. समजा, क्यूटीएस ०.४५, व्हास ५० लिटर आणि एफएस ३० हर्ट्झ आहे. पेटीत बसल्यावर हे घुमण्याचे माप, म्हणजे क्यू, ०.७ च्या आसपास यावे, म्हणजे खर्ज भरीव येतो पण लोळत नाही. त्यासाठी ०.७०७ ला ०.४५ ने भाग, वर्ग कर, एक वजा कर आणि जे १.४७ येईल त्याने ५० लिटरला भाग. उत्तर ३४ लिटर. या पेटीत स्पीकरची स्वतःची कंपनसंख्या ४७ हर्ट्झवर जाईल. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे गाण्यांसाठी एवढे पुष्कळ झाले. सिनेमातल्या भूकंपासाठी थोडे कमी पडेल, पण मला त्याचे दुःख नाही.

स्पीकरचा मागचा भाग दोनेक लिटर जागा खातो. म्हणून आतून ३६ बाय ३६ बाय २८ सेंटिमीटर, म्हणजे छत्तीस लिटरच्या वर, असे माप सुताराला दे. इथे सगळे एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) वापरतात, पण चिपळूणच्या पावसाळ्यात ते कडेने फुगेल. तू १८ मिलिमीटरचे वॉटरप्रूफ प्लायवुडच घे. घरात काम झाल्यावर उरलेले तुकडे असले तर फारच छान. प्रत्येक सांध्याला आतून फेविकॉल आणि लाकडाचा भुसा कालवून लाव, कारण बंद पेटीतून हवा निसटली की ती शिट्टी मारते आणि सगळे गणित फुकट जाते. आत उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस सैलसर पसरव. खरा कापूस नको, तो ओल धरतो.

सर्वांत जास्त लक्ष मात्र वीजपुरवठ्याकडे दे. गाडीचा ॲम्प्लिफायर बारा व्होल्टवर चालतो. इंजिन सुरू असताना त्याला सुमारे चौदा व्होल्ट मिळतात. बारावर चालवल्याने ताकद तीसेक टक्क्यांनी घटते, पण कानाला हा फरक दोन डेसिबलहूनही कमी असतो, त्याची खंत करू नकोस. डब्यावर छापलेल्या ‘१२०० वॉट’वरही विश्वास ठेवू नकोस. ॲम्प्लिफायरचा फ्यूज पाहा. तो २५ अँपिअरचा असेल, तर बारा गुणिले पंचवीस म्हणजे तीनशे वॉट आत जाणार, आणि जुन्या एबी वर्गाच्या यंत्रात त्यातले जेमतेम निम्मे बाहेर येणार. खोलीला शंभर वॉट रग्गड होतात.

जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय फुकट मिळत असेल तर त्यावर काम भागते. त्याची हिरवी तार काळ्या तारेला जोडली की तो सुरू होतो, आणि पिवळ्या तारांवर बारा व्होल्ट मिळतात. मात्र लेबलावर बारा व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत तेवढेच बघ. एकूण वॉटचा आकडा दिशाभूल करतो. खर्जाच्या एका जोरकस ठोक्याला असे सप्लाय पुष्कळदा स्वतःहून बंद पडतात, म्हणून मी इथल्या तपकीर गल्लीतून, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, एलईडीच्या पाट्यांसाठी विकतात तो १२ व्होल्ट ३० अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेवर चालणारा पॉवर सप्लाय) आणला. हजार-दीड हजाराच्या घरात पडला आणि सगळ्या उद्योगातला तोच मोठा खर्च. गाडीची जुनी बॅटरी घरात ठेवून चार्जर लावायचा तुझा विचार मला पसंत नाही. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो, आणि माजघरात वहिनींची देवपूजा, समई, उदबत्ती चालू असते. तारा सहा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या घे, मध्ये फ्यूज घाल. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण वीस अँपिअरने बारीक तार लालबुंद होते. सप्लायचे झाकण उघडू नकोस, कारण आतल्या कपॅसिटरवर तीनशे व्होल्टच्या वर भार साठलेला असतो.

ॲम्प्लिफायरवर ‘आरईएम’ असे टोक असते. गाडीत त्याला स्टिरिओकडून निळी तार येते. इथे त्याला बारा व्होल्ट एका छोट्या बटणातून दे, म्हणजे चालू-बंद करण्याची सोय होईल. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून आरसीए ही ऑडिओची तार आणायची आणि लो-पासची (फक्त खर्ज पुढे जाऊ देणारी) कळ ८० हर्ट्झवर ठेवायची. गेन ही येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी कळ आहे, ती आवाजाची कळ नव्हे. टीव्ही नेहमीच्या आवाजावर ठेवून ती शून्यापासून चढव आणि सबवूफर वेगळा ओळखू येऊ लागला की किंचित मागे घे. ‘हुंऽऽ’ असा पन्नास हर्ट्झचा घुमारा आलाच तर टीव्ही, डिशचा डबा आणि सप्लाय एकाच बोर्डावर लाव. तरी गेला नाही तर आरसीएमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (हा घुमारा अडवणारी छोटी डबी) घाल. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला तुला कोणीतरी देईलच. तो ऐकू नकोस.

जागा ठरवण्यासाठी उलटी युक्ती कर. पेटी तुझ्या बसायच्या जागी ठेव, खर्जाचे गाणे लाव आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फीर. जिथे डग्ग्याचा प्रत्येक ठोका सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल, तिथे पेटी न्यायची. बारा फुटी खोलीत ४७ हर्ट्झला एक उभी लहर तयार होते, म्हणून काही सूर नको इतके फुगतात आणि खोलीच्या मध्याजवळ तेच गायब होतात. तुझ्या घरापुरता माझा अंदाज कोपऱ्याचा आहे, कारण छपरातून जाणारा खर्ज दोन भिंती आणि जमीन मिळून थोडा भरून काढतील. फेजची (कोन आधी बाहेर जाईल की आत, ते ठरवणारी) कळ शून्य आणि १८० अशी दोन्हीकडे फिरवून पाहा आणि ज्या बाजूला आवाज भरदार वाटेल तिथे ठेव.

मीटरवरचा आकडा, चुंबकावरचा क्रमांक आणि ॲम्प्लिफायरचा फ्यूज किती अँपिअरचा आहे, एवढे मला कळव. सुताराला माप देण्यापूर्वी मी हिशेब पुन्हा करून पाठवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत