आरसा गेल्यानंतरचा हिशेब

पुणे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

निकॉनचे दोन्ही डी750, म्हणजे आत आरसा असलेले डीएसएलआर, विकून बिनआरशाचा (मिररलेस) झेड6 टू घ्यायचा तुझा बेत कळला. कॅमेरा जरूर घे, पण लग्नसराईच्या तोंडावर दोन्ही बॉडी एकदम काढू नकोस. मेगापिक्सेल जुन्यातही चोवीस आणि नव्यातही चोवीसच. फरक आहे तो आरसा गेल्याचा.

डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा, खाली तळाशी. आरसा केसभर हलला तरी फोकस नवरीच्या डोळ्याऐवजी कानातल्या झुब्यावर जातो. म्हणून तर प्रत्येक लेन्ससाठी फाइन ट्यूनचे (फोकसची चूक भरून काढणारे) आकडे भरत बसावं लागतं. मिररलेसमध्ये फोटो उमटतो तोच सेन्सर फोकस मोजतो, त्यामुळे ती कटकट संपली.

लेन्सचं मात्र नीट बघ. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर तुझ्या बॉडीत 46.5 मिमी आहे, झेडमध्ये 16. मधले 30.5 मिमी एफटीझेड अडॅप्टर भरून काढतो. एएफ-एस, म्हणजे स्वतःची मोटर असलेल्या लेन्स त्यावर ऑटोफोकससह चालतात. पण तुझ्या लाडक्या 50 एमएम एफ/1.8डी मध्ये मोटरच नाही. ती बॉडीतल्या स्क्रूवर फिरते आणि अडॅप्टरला तो स्क्रू नाही. म्हणजे हाताने फोकस. चालत्या वरातीत ते जमायचं नाही. एक डी750 ठेव म्हणतो त्याचं हेही एक कारण.

मंगलाष्टकांच्या वेळी सायलेंट मोड (बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर) लावायचा मोह होईल. तिथेच फसगत होते. त्या मोडमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि झेड6 टूला पूर्ण फ्रेम वाचायला साधारण 1/20 सेकंद लागतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून हॉलमधले स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा मंदावतात. शटरचा वेग 1/500 सेकंद ठेवून फोटो काढलास की फ्रेमवर पाचेक काळपट पट्टे आडवे पडलेच म्हणून समज. एडिटिंगमध्ये ते धड निघत नाहीत. सायलेंटच हवा असेल तर 1/100 किंवा 1/50 धर. स्टेजमागच्या एलईडी वॉलचा लुकलुकण्याचा वेग वेगळा असतो, तिथे हा उपायही लागू पडेलच असं नाही. शिवाय सायलेंटमध्ये फ्लॅश पेटत नाही. सरळ मेकॅनिकल शटर वापर, टकटक ऐकू आली तर येऊ दे. बँडपुढे कोण ऐकतंय!

निकॉनच्याच झेड9 मध्ये मेकॅनिकल शटरच नाही, कारण त्याचा सेन्सर सुमारे 1/270 सेकंदात वाचून होतो. 2023 मध्ये जाहीर झालेला सोनी ए9 थ्री तर सगळी फ्रेम एकदम वाचतो. पट्टे नाहीत, फ्लॅश कुठल्याही वेगाला चालतो. मात्र त्याचा बेस आयएसओ (प्रकाश टिपण्याची मूळ संवेदनशीलता) 250 पासून. आपल्या कामाला एवढा खर्च नको.

फ्लॅशबद्दल आणखी एक. निकॉनच्या एसबी-700 फ्लॅशचा फोकसला मदत करणारा लाल प्रकाश झेड बॉडी वापरत नाहीत. रात्रीच्या अंधारात फोकस पुढेमागे शोधत राहतो, तेव्हा सोबत छोटा एलईडी लाइट ठेव. स्टुडिओत साध्या ट्रिगरवर (फ्लॅश पेटवणाऱ्या डबीवर) लाइट चालवलेस तर व्ह्यूफाइंडर काळा दिसेल. कॅमेरा बिघडलेला नसतो. 'अप्लाय सेटिंग्ज टू लाइव्ह व्ह्यू' (सेटिंगचा परिणाम आधीच दाखवणारा पर्याय) बंद कर, झालं. बॅटरीचा अधिकृत आकडा डी750 चा 1230 फोटो, झेड6 टूचा व्ह्यूफाइंडरने 340. प्रत्यक्षात जास्त निघतात, तरी दिवसभराच्या लग्नाला तीन-चार बॅटऱ्या हव्यात.

आता धंद्याचं. जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे 2010 मध्ये 12 कोटींवर डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते, 2023 मध्ये जेमतेम 77 लाख. मोबाइलने गिळले ते मुख्यतः खिशातले छोटे कॅमेरे. लेन्स बदलता येणारे साधारण निम्म्यावर आले, आणि त्यातही आता बहुतेक मिररलेस. म्हणून जुन्या बॉडीचा भाव उतरत जाणार, थांबून चढायचा नाही. दोनपैकी एक याच महिन्यात विकून टाक. गिऱ्हाईक आधी शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उघडलं ते, विचारेल. निकॉनमध्ये तो फोटोच्या एक्झिफमध्येच (फाइलसोबत साठवलेल्या माहितीत) असतो, तेव्हा कॅमेऱ्यातून थेट काढलेली ताजी जेपेग पाठव. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठव, नाहीतर एक्झिफ उडतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं तू काहीतरी लपवतोयस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश