तुटलेला उकार ज्यांना दिसला, त्या सरांना

आदरणीय सर,

सहामाहीची प्रगतिपत्रकं वाटून झाली. फोनवर तुम्हाला ‘थँक्यू’ म्हटलं होतं, पण तेवढ्यानं माझं समाधान होईना. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव घालू नका म्हणालात, घालत नाही.

प्रगतिपत्रकावरचे मराठी शेरे नीट छापून घ्यायच्या या कामातली गोम शाळेबाहेरच्यांना कळावी म्हणून थोडं सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. आमच्या कर्नाटकात वर्षाला चार एफए (शिकवणं चालू असताना होणारं आकारिक मूल्यमापन) आणि दोन एसए (सत्राअखेरचं संकलित मूल्यमापन) होतात. श्रेणी गुणांवरून निघते, पण मूल वर्गात कसं वागतं, कुठे अडतं, कशात रमतं हे घरी कळतं ते शेऱ्यातूनच. आमच्या शाळेत जुन्या शिक्षकांपासून चालत आलेल्या शेऱ्यांची एक फाईल होती. नवीन सॉफ्टवेअर आलं, तेव्हा हे शेरे वर्गवारी करून त्यात भरायचे आणि प्रत्येक मुलासमोर यादीतून निवडायचे असं ठरलं.

‘सगळ्या भाषा चालतात’ असं सांगून ते विकणारी माणसं पैसे मिळाल्यावर फोन उचलेनात. शेवटी त्यांच्यातल्या एकानं सगळे मराठी शेरे ‘इतर’ या एकाच कप्प्यात कोंबले आणि काम झाल्याचं कळवलं. जुन्या फॉन्टमधले शेरे तर वाचताच येत नव्हते, नुसती चिन्हं दिसत होती. तक्रार केली तर म्हणाला, “मॅडम, इंग्लिशमध्ये टाका ना, प्रश्नच मिटला.” आमच्या खानापूर तालुक्यातल्या कितीतरी मुलांचे वडील कामासाठी गोव्याला असतात. घरी पत्रक बघते ती आई, नाहीतर आजी. तिच्या हातात इंग्लिश शेरा देऊन तिला काय कळणार? मराठीसाठी व्यासपीठावर घसा कोरडा करणाऱ्या ओळखीच्या मंडळींनाही विचारून झालं. बघतो म्हणाले आणि पुन्हा फिरकले नाहीत. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही कन्नड शाळेतले. आमच्या शाळेशी तुमचा कागदोपत्री काही संबंध नाही. क्लस्टरच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, मीटिंगमध्ये माझं रडगाणं तुमच्या कानावर पडलं आणि शाळा सुटल्यावर तुम्ही आपणहून आलात. फाईल उघडल्याबरोबर म्हणालात, “आमच्याकडे नुडीच्या जुन्या फाइलींचं असंच होतं टीचर, युनिकोडमध्ये आणायला पाहिजे.” नुडी म्हणजे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर, आणि युनिकोड म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षरं वाचता येतील अशी पद्धत. किती हायसं वाटलं ते सांगता येणार नाही. ही कटकट तुम्हीही भोगलेली होती.

मग वर्गवारी. वाचन-लेखन, गणित, वर्तन, हजेरी, खेळ आणि कला, एवढं सरळच होतं. पण ‘पाढे रोज म्हणून घ्यावेत’ हा शेरा मी गणितात टाकायला निघाले तेव्हा तुम्ही थांबवलंत. “हे पोराला सांगताय की आईला?” आईलाच सांगायचं होतं. त्यातून ‘पालकांसाठी’ हा वेगळा वर्ग झाला, आणि आज सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो तोच. ‘नियमित अभ्यास करतो’ हे मुलींच्याही पत्रकावर उमटत होतं. कन्नडमध्येही क्रियापद मुलगा की मुलगी बघून बदलतं, त्यामुळे तुम्हाला ते समजावून सांगावं लागलं नाही. ‘अभ्यासात सातत्य आहे’ असं दोघांनाही चालेल अशा बेतानं आपण शेरा न् शेरा फिरवून घेतला. ‘इतर’ मध्ये तुम्ही एकही शेरा राहू दिला नाहीत.

पण हे पत्र त्यासाठी नाही. ते एका प्रिंटसाठी आहे.

काम संपलं होतं, अंधार पडला होता. तुमची शेवटची बस चुकेल म्हणून मीच घाई करत होते. नमुन्याचं एक पत्रक छापून निघालं. मला ते ठीक वाटलं. तुम्ही मात्र ते ट्यूबलाइटखाली धरलंत, ओळीखाली पट्टी ठेवलीत आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवू लागलात. मराठी तुम्हाला सावकाशच वाचता येतं. एका जागी बोट थांबलं. “टीचर, हे खाली काहीतरी तुटलंय बघा की.” चौकटीची उंची कमी पडल्यामुळे ओळीखालचा भाग छाटला जात होता. ‘हुशार’चा उकार गेला होता, ‘हशार’ उरलं होतं. कन्नडमध्ये ओत्ताक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली खाली लिहायची अक्षरं, ओळीखाली लोंबतात, तीही अशीच कापली जातात, म्हणून नजर तिकडे गेली असं तुम्ही म्हणालात. खुर्ची पुन्हा ओढलीत, चौकटी वाढवल्यात, पुन्हा छापलंत, पुन्हा पट्टी ठेवलीत. बस गेली. त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत.

एका उकारावाचून सरकारदरबारी कुणाचं काही अडलं नसतं. पण ज्या पोरीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हुशार म्हटलंय, तिच्या आईला तो शब्द धडपणे वाचायला मिळाला. आपली नसलेली भाषा इतक्या काळजीनं हाताळणारी माणसं या सीमाभागात गावोगावी आहेत. बसमध्ये, बाजारात, दवाखान्यात ती एकमेकांना सांभाळून घेतात. बातमी मात्र कुणाची होते, ते आपण दोघंही जाणतो.

तुमच्या शाळेतही मराठी बोलणाऱ्या घरांतली मुलं आहेत. त्यांच्या आयांना कधी चिठ्ठी पाठवायची झाली, पालकसभेचं बोलावणं द्यायचं झालं, तर मला निरोप धाडा. मराठीत मी लिहून देईन, छापूनही देईन, आणि पट्टी ठेवून तपासूनच पाठवीन.

आपली नम्र,
मराठी शाळेतली एक शिक्षिका
खानापूर तालुका, जि. बेळगाव