काना गावचं लग्न आणि बाबांची एफडी

आई, बाबा,
प्रभूमध्ये सलाम.

फोनवर बोलायला गेलो की बाबा आवाज चढवतात आणि आई "असूदे, जेवलीस काय" म्हणून विषय बदलते, म्हणून म्हटलं लिहूनच पाठवावं. (पुण्यात मी आलो-गेलो-करतो बोललो की ऑफिसातल्या पोरी हसतात, पोरगी असून असं कसं गं बोलतीस म्हणून. कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, घरी लिहिताना तर मी अजिबात बदलणार नाही.)

तर माझ्या लग्नाच्या हॉलचं. बाबा, तुम्ही सातशे माणसांचा हॉल बघून आलाय, एफडी मोडायची म्हणताय, आणि कमी पडलं तर पतसंस्था हायच की. मी नको म्हटलं तर मला काना गावचं लग्न ऐकवलं, प्रभू येशूनं सुद्धा तिथल्या लग्नघरात काही कमी पडू दिलं नाही म्हणे. अहो बाबा, योहानाच्या शुभवर्तमानातला हा दुसरा अध्याय तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतलाय, संडे स्कूलला उभं राहून म्हणताना मी रांजणांवर अडकलो होतो आठवतंय का, सहा दगडी रांजण, एकेकात दोन-तीन मण पाणी. त्यात कर्ज कुणी काढलं? द्राक्षारस संपला तर मरीया लेकाकडं गेली, सावकाराकडं नाही. आणि प्रभूनं त्या पाण्याचा केलेला नवा द्राक्षारस कुठनं आला ते भोजनकारभाऱ्याला पण कळलं नाही, फक्त पाणी भरणाऱ्या चाकरांना ठाऊक. एवढं मोठं काम झालं आणि कुणी माईक घेऊन अनाऊन्स केलं नाही. तुमच्या हॉलवाल्याकडं तर ड्रोन हाय.

त्यात तो म्हणतोय विधी पण लॉनवर, रात्री 8 ला, लाइटिंग चांगलं दिसतं. त्याला सांगा आपलं लग्न 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानं लागतं आणि त्यात वेळ लिहून ठेवलीय, सकाळी 6 ते संध्याकाळी 7. पाळकसाहेब पण हेच सांगतील. मला तर हा कायदा एकदम आवडायला लागलाय.

तुमचं लग्न कसं झालं होतं ते आईनं शंभर वेळा सांगितलंय. सकाळी चर्च, दुपारी आवारातच पंगत, मटण कमी पडलं म्हणून पांढऱ्या रश्श्यात पाणी वाढवलं, आणि आईच्या अंगावर मावशीची साडी. हे सांगताना आई हसते बाबा, लाजत नाही.

आता जरा अवघड. आत्याच्या पोरीचं नाव तुम्ही यादीतनं काढलंय, कारण ती पुण्यात त्या मुलाबरोबर लग्न न करता राहते. मला पण ते पटत नाही, मी तिला तोंडावर सांगितलंय. देवासमोर आणि मंडळीसमोर उभं राहून, सुखात दुःखात आजारपणात सोडणार नाही असा शब्द द्यायचा, ते मला खरंच पाहिजे, नुसतं रजिस्टरवर सही करण्यापुरतं नाही. पण मला डेंग्यू झाला तेव्हा आठ दिवस डबा घेऊन तीच येत होती, आणि तो मुलगा प्लेटलेटसाठी रात्रभर फिरला. आणि मामाच्या पोराचं बघा, काय थाटात लग्न झालं, गुजरीतनं किती सोनं आलं. आता दोघं वेगळं राहतात. आपल्या घटस्फोटाच्या कायद्यात 2001 पासून दोघांच्या संमतीची सोय हाय पण आधी दोन वर्षं वेगळं राहायची अट लिहिलीय, म्हणजे मांडवाचे हप्ते फिटायच्या आत लग्न संपणार बहुतेक. त्याचं नाव मात्र यादीत पहिलं.

जमाना बिघडला, नीती राहिली नाही असं तुम्ही म्हणता ते खोटं नाही. पण तेव्हा सगळे पोरींकडंच का बघतात? हौसेपायी कर्ज काढलं, हुंडा नाही म्हणत गाडी घेतली, याच्यावर चर्चमध्ये पण कुणी बोलत नाही, आणि शुभवर्तमानात बघितलं तर प्रभू पैशावर लई बोललाय. काळजी करू नका म्हणताना प्रभूनं दाखवलेली ती रानातली भूकमळं तुम्ही मला रंकाळ्यावर फिरवताना सांगायचा, मी लहान होतो, मला वाटायचं ती रंकाळ्यातच उगवतात.

तुमच्या जावयाशी बोलणं झालंय. त्याला पण चर्चच पाहिजे, दीडशेच्या आत माणसं, आणि त्याच्या घरचे काही मागत नाहीत, मागितलं असतं तर मीच नाही म्हटलं असतं. सोनं म्हणून आईची ती बारीक चेन बास. एफडी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलीय ना, मग तिला हात लावायचा नाही. जेवायला तांबडा-पांढरा पाहिजेच पण, त्यात काटकसर केली तर मी ऐकणार नाही.

बाबा, रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना शनिवारी सकाळी 10 ची वेळ मिळेल का तेवढं विचारा. हॉलवाल्याचा ॲडव्हान्स परत मागा, निम्मा दिला तरी घ्या. आणि आत्याला फोन आईनं करायचा, पोरीला बोलवा म्हणून. एकटीला नाही, दोघांना.

तुमची,
बाळी