नकाशात तेरेखोलही हवे

महोदय,

आपल्या रविवारच्या बालपुरवणीतले 'आकारावरून देश ओळखा' हे कोडे माझ्या नातवाने आवडीने सोडवले. बूट म्हणजे इटली, अश्रूचा थेंब म्हणजे श्रीलंका, ही उत्तरे त्याने चटकन दिली. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात उभी हयात भूगोल शिकवण्यात गेली, म्हणून या कोड्याला थोडी पुस्ती जोडावीशी वाटते.

इटालियन लोक स्वतःही आपल्या देशाला बूट म्हणतात. पुलिया ही त्याची टाच, कालाब्रिया हा चवडा. फ्रेंच लोक तर रोजच्या बातम्यांतही देशाला सरळ 'षट्कोन' म्हणतात. तीन बाजू समुद्राच्या, तीन जमिनीच्या. त्यांच्या 1 आणि 2 युरोच्या नाण्यांवर षट्कोनात झाड कोरलेले असते. 1962 साली अल्जेरिया हातचा गेला, साम्राज्य आटले आणि त्या सुमारास हे नाव विशेष रूढ झाले. पण त्या षट्कोनात फ्रान्सचेच कॉर्सिका बेट बसत नाही. रियुनियन आणि फ्रेंच गयाना तर कितीतरी दूर. तिथली माणसेही फ्रान्सचीच नागरिक आहेत. इटलीच्या सिसिलीचेही तसेच. मेसिनाची सामुद्रधुनी अरुंद जागी जेमतेम 3 किलोमीटर, तरी बेट बुटाबाहेरच.

आकार एकदा डोक्यात बसला की त्यात न मावणारे मुले सोडून देतात. गोव्याचा नकाशा काढताना वर्गात दरवर्षी हेच व्हायचे. उत्तरेकडे पेन्सिल तेरेखोल नदीला धरून थेट समुद्रापर्यंत जायची आणि नदीपलीकडचा किल्ला, गाव, सगळे महाराष्ट्रात ढकलले जायचे. पोर्तुगिजांनी 1746 मध्ये घेतलेला तो किल्ला आजही गोव्यात आहे, केरीहून फेरीबोटीने तिथे जाता येते. एकदा पहिल्या बाकावरच्या मुलाने शेजाऱ्याच्या वहीवर बोट ठेवून विचारले, "टीचर, आमचें घर खंय?" तो तेरेखोलचा होता. त्यानंतर नदीच्या उत्तरेचा तो इवलासा तुकडा ज्या वहीत नसेल, त्या वहीवर मी सही केली नाही. दक्षिणेला कारवारसमोरचे अंजदीव बेटही गोव्याचेच, पण मुलांच्या वह्यांत ते क्वचितच दिसे.

माझ्या वडिलांच्या पिढीने पोर्तुगीज शाळेत तेजो आणि दोउरो या नद्या घोकल्या. स्वतःच्या मुलुखाचा नकाशा हाताने काढायला मिळणे ही आमच्या घरात मोठी गोष्ट होती, म्हणून हे इतक्या कळकळीने लिहिते आहे.

पुरवणीत पुढच्या वेळी गोव्याचा कोरा नकाशा छापावा, तेरेखोल आणि अंजदीवसह. आणि देशांचे कोडे पुन्हा घालाल तेव्हा बुटाशेजारी सिसिली आणि सार्डिनिया, षट्कोनाशेजारी कॉर्सिका अवश्य काढावे आणि त्यांची नावे मुलांकडून लिहून घ्यावीत.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, पेडणे